भांडणाचं कार्ड

"चौदा वर्षांची मुलगी, पायाला प्लास्टर, आणि घरादाराच्या डोक्याला ताप. अशा मुलीला वाचायला काय देता?"

टेबलासमोर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाने हे सगळं एका दमात विचारलं, तेव्हा तिने शिक्का हातातच ठेवून वर पाहिलं. उंच, थोडा वाकलेला, केस जरा जास्तच नीट बसवलेले. आणि अंगाला लवंगेच्या तेलाचा वास. ग्रंथालयात नाना तऱ्हेचे वास येतात, पण हा नवीन होता.

"मुलगी तुमची?"

"छे हो! बहिणीची. भिंगरी म्हणतो आम्ही तिला. जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली आली, ती आता पलंगावर. बहीण दिवसभर कामावर, माझा दवाखाना त्यांच्या घराखालीच... म्हणून मामाच्या गळ्यात."

"डॉक्टर आहात? मग पाय तुम्हीच का नाही—"

"दातांचा आहे मी. पायात दात असते तर केलं असतं काहीतरी."

ती हसली, आणि हसताना आपले दात तो मोजतोय की काय असं वाटून चटकन थांबली.

तिच्याकडे ग्रंथालयाचं एकच कपाट होतं, पण ते ती राज्य असल्यासारखं सांभाळायची. किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्यांचं कपाट. बारा ते अठरा या वयाच्या वाचकांनाच तिथलं पुस्तक मिळायचं. मोठ्यांनी कितीही लाडीगोडी लावली तरी नाही, कारण मोठी माणसं पुस्तकं नेतात आणि महिनोन् महिने उशाशी ठेवतात, असा तिचा अनुभव होता. शिवाय प्रत्येक वाचकाचं एक कार्ड असायचं. वाचलेल्या पुस्तकाचं नाव आणि त्यापुढे एकाच प्रश्नाचं उत्तर: या पुस्तकात तुम्ही कुणाशी भांडलात आणि का?

"सारांश नाही लिहायचा?" डॉक्टरने कार्ड उलटसुलट करत विचारलं.

"सारांश मुलं मागच्या पानावरून उतरवतात. भांडण नाही उतरवता येत."

"आणि कुणाशी भांडण झालंच नाही तर?"

"तर पुस्तक वाचलं नाही असं आम्ही धरतो. दुसरं मिळत नाही."

"बाप रे. तुम्ही फार कडक दिसता. तुम्ही कुणाशी भांडता?"

"सगळ्यांशी. पण फक्त कागदावर." तिचंही एक कार्ड त्याच खोक्यात होतं, कारण कपाटातलं प्रत्येक पुस्तक ती स्वतः आधी वाचायची. "आणि हे बघा, वाचक भांडण लिहितो, मी खाली पेन्सिलीने उत्तर देते. ते आमच्या दोघांतलं. घरच्यांनी कार्ड वाचायचं नाही. मामांनीसुद्धा."

"शपथ," तो म्हणाला, आणि हातही वर केला.

पुढच्या शनिवारी तो पुस्तक परत घेऊन आला. आत कार्ड होतं. पुस्तक होतं घर सोडून जाणाऱ्या एका मुलाचं, आणि भिंगरीने त्या मुलाच्या धाकट्या भावाशी भांडण उकरून काढलं होतं: 'तुला ठाऊक होतं तो जाणार आहे ते. तू झोपेचं सोंग का घेतलंस? मीही असतो तर घेतलं असतं, म्हणूनच राग येतो.' 'असतो' खोडून वर 'असते' केलं होतं. घाईत चूक झाली असेल म्हणून तिने सोडून दिलं. मात्र ते उत्तर तिने लागोपाठ दोनदा वाचलं, आणि मग मुख्य ग्रंथपाल बाईंना बोलावून वाचून दाखवलं.

"पोरगी हुशार आहे," बाई म्हणाल्या.

"हुशार नाही हो बाई. खरी आहे."

तेव्हापासून शनिवार हा वार वेगळा झाला. आधी कार्ड, कारण ती त्या कार्डाची आठवडाभर वाट पाहायची. आणि मग मामा... मामाची वाट ती पाहत नव्हती, असं ती स्वतःला सांगायची. फक्त शनिवारी जरा बरा कुर्ता घालायची, इतकंच.

"भाचीला आवडलं का?"

"भाची रडली म्हणे."

"कुठल्या पानावर?"

"ते... आजी दूध पाजते मांजराला, तिथे." मग सावरून, "असं ती म्हणाली. मी काही वाचलं नाही. मी दातांचीच पुस्तकं वाचतो."

"त्यात कोणी रडत नसेल."

"पेशंट रडतात. पुस्तक ठीक असतं."

अशा बोलण्यात पाठीमागे रांग लागायची. एकदा एक आजोबा वर्तमानपत्राची घडी काखेत मारून म्हणाले, "डॉक्टर, दात काढताय की नुसतेच दाखवताय?" तो कानापर्यंत लाल झाला. तिने खाली मान घालून एकाच पुस्तकावर दोनदा शिक्का मारला.

सगळं असंच सुरळीत चाललं असतं, पण मध्येच ती एका कादंबरीत अडकली. त्यातली मुलगी ज्याच्यावर जीव टाकते त्याला शेवटपर्यंत काही सांगत नाही, आणि तो निघून जातो. भिंगरीने तिच्यावर तोफ डागली होती: 'गप्प बसण्याला तू चांगुलपणा समजतेस. ती भीती आहे. तो मनकवडा नव्हता.'

ती पेन्सिल घेऊन बसली. सवयीप्रमाणे दोन ओळी लिहायच्या होत्या. पण हाताने ऐकलं नाही, मनात साचलेलं कागदावर आलं. तिने लिहिलं, 'भिंगरी, या वेळी मी त्या मुलीच्या बाजूने आहे. बोलणं तुला वाटतं तितकं सोपं नसतं. मलाही एक जण आवडतो. तो समोर येऊन उभा राहतो, आणि मी पुस्तकांबद्दलच बोलत राहते.' लिहून झाल्यावर तिने ते पुन्हा वाचलं. एवढ्याशा पोरीला आपण हे काय लिहून बसलो! खोडायला रबर शोधत होती, तेवढ्यात नवं पुस्तक निवडायला कपाटाकडे गेलेला तो परत आलाच. तिने कार्ड नव्या पुस्तकात सरकवलं आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. शेवटी नाव तर कुणाचं लिहिलं नव्हतं, आणि कार्ड वाचणार फक्त भिंगरी.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बरा कुर्ता वाया गेला. आईने घरी विचारलं, "तोंड का उतरलंय?" तर ती म्हणाली, "दाढ दुखते." तोंडातून तेच निघालं.

मग एका दुपारी दारातून एक मुलगी जरा लंगडत आत आली. पाय नुकताच प्लास्टरमधून निघालेला, पण चाल वाऱ्याची. तिने पुस्तक टेबलावर आपटलं.

"ताई, माझं कार्ड बंद करायचंय."

"तू भिंगरी?" ती जवळजवळ उठलीच. "अगं, बंद कशाला? तुझ्यासारखं कोणी लिहीत नाही इथे!"

"मी कुठे लिहिलं? मला गोष्टींचा कंटाळा येतो. पहिल्या दिवशी मामाने वाचून दाखवलं, मी झोपले, आणि तो वाचतच राहिला. नंतर म्हणाला, मोठ्यांना तुम्ही देत नाही, तर तुझं नाव वापरू दे. मी म्हटलं, वापर. पण बदल्यात फोन दे."

तिने पुस्तक जवळ ओढलं.

"सगळी... सगळी भांडणं मामाने केली?"

"सगळी. दवाखान्यात पण वाचतो. एकदा वाचून डोळे पुसत बाहेर आला, तर पेशंट काका घाबरून घरीच गेले. त्यांना वाटलं त्यांच्या दाताचं काही खरं नाही." भिंगरीने मान जवळ आणली. "पण आता वाचत नाही. जेवत पण नाही नीट. म्हणतो, मी जे वाचायला नको होतं ते वाचलं, आता तोंड दाखवणार नाही. त्या ताईंचं कुणावर तरी आहे म्हणे. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायला येतो ना उंच दादा, तो असेल म्हणे. आहे का?"

"तू घरी जा," ती कशीबशी म्हणाली.

आधी तिला राग आला. असा तसा नाही, नाकापासून कानापर्यंत भरलेला. शपथ घेतली होती त्या माणसाने, हात वर करून! ती चौदा वर्षांच्या मुलीशी मन मोकळं करत होती आणि पलीकडे एक घोडा बसून सगळं वाचत होता. तिने ते कार्ड फाडायलाच काढलं. फाडण्याआधी एकदा पाहिलं, आणि पाहिलं म्हणजे वाचलंच. धाकट्या भावाच्या झोपेच्या सोंगाचा राग. मांजराला दूध पाजणाऱ्या आजीशी, 'तू स्वतः का जेवत नाहीस' म्हणून घातलेला वाद. इतके दिवस या माणसाचं कौतुक तिने त्याच्या भाचीला दिलं होतं. आणि आता तिने दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलंय असं समजून तो बाजूला झाला होता. आज काही बोललं नाही तर तो बाजूलाच राहणार, इतकं साधं होतं ते. शनिवार येतील आणि जातील, आणि टेबलासमोर वर्तमानपत्रवाले आजोबा उभे राहतील.

ग्रंथालय बंद झाल्यावर ती कार्डावरचा पत्ता बघून सरळ त्याच्या दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या काकूंनी विचारलं, "काय त्रास?"

"दाढ," ती म्हणाली.

ती खुर्चीत आडवी झाली तेव्हा तो आत आला, आणि दारातच थबकला. मग मास्क वर ओढला.

"कुठली?"

"उजवीकडची. मागची."

"आ करा."

तिने आ केला. त्याने छोटा आरसा आत घातला. वर दिवा, दिव्याच्या अलीकडे त्याचे डोळे, आणि ते डोळे दातांशिवाय कुठेही बघायला तयार नव्हते.

"भिंगरी आली होती ना तुमच्याकडे?" तो हळू म्हणाला. "बोलू नका, लागेल. मीच बोलतो. मी ते वाचायला नको होतं. तुम्ही तिला लिहिलं होतं, मला नाही. माफ करा. आणि तो जो कोणी आहे... त्याला सांगून टाका."

"आँ—"

"दुखलं?"

तिने मान हलवली.

"हलू नका. खरंच सांगा त्याला. चांगला माणूस असेल. तुम्हाला आवडला म्हणजे चांगलाच असणार. त्याला काय माहीत तुमच्या मनात—"

"आँ! आँ!"

"अहो, तोंड मिटू नका—"

तिने त्याचं मनगट धरलं, आरसा तोंडातून बाहेर काढला आणि उठून बसली.

"अहो, तुम्हीच!"

"मी काय?"

"दर शनिवारी माझ्यासमोर येऊन कोण उभं राहतं? कॉम्प्युटरवाला? त्याचं लग्न झालंय, आणि तो मशिनशिवाय कुणाकडे बघत नाही. तुमच्याबद्दल लिहिलं होतं मी! आणि तुम्ही ते वाचून... घरी बसलात!"

त्याने मास्क खाली ओढला.

"आणि मी अजून चिडलेली आहे," ती म्हणाली. "शपथ घेतली होती तुम्ही. मला त्या मुलीशी बोलायला आवडत होतं."

"चिडा. चिडायलाच हवं." तो बाजूच्या स्टुलावर बसला. "पहिली पुस्तकं मी पुस्तकांसाठीच नेली. नंतर कार्डासाठी नेत होतो. पेन्सिलीने काय लिहून येतंय ते बघायला. दवाखान्यात शनिवारी संध्याकाळची वेळ मी कुणालाही देत नाही, काकूंना विचारा. मला तुम्ही फार आवडता. प्रेम आहे माझं तुमच्यावर. कादंबरीतल्या त्या मुलीला मी भित्री म्हणालो, आणि स्वतः भाचीच्या नावामागे लपलो."

ती रडेल असं तिला वाटलं होतं. पण हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर चेहऱ्याचं जे होतं ते झालं. दारातून काकूंनी डोकावलं.

"डॉक्टर, पुढचे आत पाठवू?"

"थांबवा त्यांना. ही दाढ अवघड आहे."

दार लागलं. ती म्हणाली, "दाढ नाही दुखत माझी. थाप होती."

"ठाऊक आहे. उजवीकडची ठणठणीत आहे. पण डावीकडची खरंच किडलीय."

"खोटं!"

"दातांबद्दल मी खोटं बोलत नाही. भरावी लागेल. आज, लगेच."

"दुखेल?"

"थोडं. मी हळू करेन."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. राग अजून होता, जाईल सावकाश. मग ती पुन्हा आडवी झाली आणि तिने आ केला. एका हाताने त्याच्या पांढऱ्या कोटाचं टोक मुठीत घट्ट धरलं. काम होईपर्यंत त्याला त्यामुळे नीट वळताही येत नव्हतं, पण त्याने ते टोक सोडवून घेतलं नाही.