लाल गेला

डोंगरावरचा झरा गाठायचा, त्याचं पाणी तपासायचं आणि पावसाळा लागायच्या आत ते पिण्यालायक आहे असं गडचिरोलीला कळवायचं, एवढंच काम होतं! ते जमलं तर एटापल्ली तालुक्याच्या पार टोकाला असलेल्या इरपूटोल्यात डोंगरावरून नळ येणार होता. नाही जमलं तर गाव यंदाही योजनेतून बाद.

मी संघप्रिया दुर्गे, सरकारी पाणी प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ. शास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि गार खोली दिसते. आमचं शास्त्र जीपच्या मागच्या सीटवर, बाटल्यांच्या खोक्याला धरून आदळत चालतं. ज्या हातपंपाच्या पाण्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड जास्त निघतं त्याला आम्ही लाल रंग फासतो. लाल म्हणजे पिऊ नका. इरपूटोल्यात पंप एकच आणि तोही लाल! म्हणजे आम्ही त्या गावाला सांगितलं काय, तर तुम्ही पाणीच पिऊ नका. लोक मुकाट्यानं त्याच पंपाचं पीत राहिले. करणार काय? माझं डोकं यावर आजही भडकतं.

सोबत दोघं होते. प्रफुल, माझा प्रयोगशाळा सहायक, हाताला कामसू आणि तोंडाला लगाम नसलेला. वाट दाखवायला गावातलाच इसरू पुंगाटी. त्याच्या मुलीला, बुधरीला, आम्ही निघताना पाहिलं. सात-आठ वर्षांची पोर, दातांवर तपकिरी डाग आणि गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वाकत चाललेले पाय.

"झऱ्याचं पानी पाजलं तं पाय सरळ होतीन का, बाई?" इसरूनं विचारलं.

"वाकले ते नाई होनार, भाऊ. पन आनखी वाकाचे थांबतीन."

"थांबले तरी लय झालं," तो म्हणाला. त्यानं पाठीला प्लास्टिकची मोठी रिकामी कॅन बांधली. मला तपासणीला एक बाटली पुरली असती. पण कॅन त्याला बुधरीसाठी हवी होती. येतानाच पाणी घेऊन यायचं, असं त्यानं पोरीला कबूल केलं होतं.

गाव आणि डोंगर यांच्यामध्ये एक नाला आहे. सकाळी तो कोरडा ठणठणीत होता, आम्ही वाळू तुडवत पार झालो. पुढे बांबूचं रान. मे महिन्याचं ऊन बांबूतून गाळून येत होतं तरी अंग भाजत होतं, वाळलेल्या पानांवर पाय घसरत होते आणि कुठे पाणवठा नाही की पाखरू नाही. चढण संपली तिथे काळा कडा उभा राहिला. त्याच्या कपारीला आग्या मोहळाची पोळी लटकत होती, आणि वाट नेमकी त्यांच्याखालून!

इसरूनं हवेत नाक फिरवलं आणि प्रफुलकडे वळून पाहिलं. "डोक्शाले का लावलं, भाऊ?"

"तेल. जरा वासाचं."

"वासानं माश्या उठतीन. जंगलात कोनाले पाहाले आला?" असं म्हणत इसरूनं कड्याच्या पायथ्याशी झिरपलेला चिखल उचलला आणि त्याच्या केसांना खसाखसा चोळला. एरवी प्रफुल दिवसभर कुरकुरला असता, पण वर पाहून त्याची पाचावर धारण बसली होती. आम्ही पोटावर सरकत निघालो. एक माशी माझ्या भुवईवर बसली. मी श्वास रोखला. ती चालत कानापर्यंत गेली. थांबली. उडाली! पोळ्यांच्या पलीकडे इसरू अनवाणी पायांनी कड्यावर चढला आणि वरून दोर टाकला. त्या दोराला धरून मी कशी वर गेले ते मला धड आठवत नाही. तळहात मात्र सोलून निघाले.

आणि वर झरा होता! दोन शिळांच्या फटीतून मनगटाएवढी धार पडत होती, भर उन्हाळ्यात, काचेसारखी स्वच्छ. इसरू ओंजळीनं प्यायला. मला हसू आवरेना. एवढ्या उंचावरचं पाणी, इथे कसलं फ्लोराइड येतंय? नळाची वाटही मी नजरेनंच आखून टाकली.

मग मी परीक्षानळीत पाणी घेतलं आणि त्यात किटमधलं लाल औषध टाकलं.

लाल रंग विरत गेला. केशरी झाला. पिवळा झाला.

"लाल गेला!" इसरू ओरडला. "पाहा ना बाई, लाल गेला!" एवढा मितभाषी माणूस, पण त्यानं प्रफुलला मिठी मारली.

 पंपावरचा लाल म्हणजे वाईट, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं. पण नळीत सगळं उलट असतं. पाणी चांगलं असेल तर औषध लालच राहतं. फ्लोराइड जितकं जास्त तितकं ते पिवळं पडतं. हे तर हळदीसारखं पिवळं झालं होतं, पंपाच्या पाण्यापेक्षाही गडद. मी पुन्हा नळी भरली. पुन्हा पिवळी. वर काय नि खाली काय, दगड तोच, त्यातून मुरून येणारं पाणीही तेच.

मी तोंड उघडणार एवढ्यात प्रफुलनं माझा दंड धरून मला बाजूला नेलं. "आत्ता नोका सांगू, मॅडम. कडा उतराचा हाय, दोर त्याच्या हातात हाय. त्याचा हात थरथरला तं तिघंही जाऊ. खाली गेल्यावर सांगू."

पटण्यासारखं होतं. मला पटलं. इसरूनं कॅन काठोकाठ भरली आणि पाठीला बांधली.

कडा उतरून बांबूत शिरलो, आता सांगावं म्हटलं तोवर आभाळ भरून आलं. अवकाळी! वीज कडाडली, गारा सुरू झाल्या, बांबू एकमेकांवर आपटायला लागले. आम्ही डोकी झाकत पळत सुटलो. नाल्यापाशी पोचलो तेव्हा सकाळच्या वाळूवरून गढूळ पाणी वाहत होतं, गुडघाभर.

"थांबा, भाऊ! उतरू द्या थोडं!"

"आता वाढतेच बाई, उतरत नाई. पोरगी वाट पाहून राह्यली," म्हणत तो पाण्यात शिरला.

तो मध्यावर होता तेव्हा डोंगरावरून लोंढा आला. आधी आवाज, मग फांद्या, मग पाणी! इसरूचे पाय सुटले. तो वाहत गेला, बुडाला, वर आला. उन्मळून आडव्या पडलेल्या झाडाच्या मुळीला त्याचा एक हात लागला. पाठीवरचा बंध तुटला होता. दुसऱ्या हातात त्यानं कॅन पकडली होती.

प्रफुलनं दोर फेकला. दोर त्याच्या खांद्यावर पडला. तो धरायला हात रिकामा नव्हता.

"कॅन सोडा!"

त्यानं मान हलवली. मूळ करकरलं. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. दोर वाहून गेला. प्रफुलनं ओढून पुन्हा फेकला.

"सोडा, भाऊ! ते पानी खराब हाय!" मी जीव तोडून ओरडले. "पिवळं म्हनजे खराब! पंपापेक्षा खराब! सोडा!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याची बोटं उघडली. कॅन गर्रकन फिरून दिसेनाशी झाली. त्यानं दोर धरला. आम्ही ओढलं! काठावरच्या झाडाला पाय रोवून, सोललेल्या हातांनी ओढलं आणि तो अलीकडच्या काठाला लागला. पाठोपाठ ते मूळ तुटून गेलं.

बराच वेळ तो पालथा पडून खोकत होता. मग उठून बसला.

"मले वाचवाले म्हनलं ना, बाई?"

मी ओला दोर गोळा करायला लागले.

"खोटं होतं ना ते? मी उद्या जाऊन आनतो दुसरी कॅन. म्हना ना, खोटं होतं."

किती सोपं होतं! प्रफुल माझ्याकडे पाहत होता, डोळ्यांनी विनवत होता. पण उद्या हा माणूस पुन्हा त्या कड्यावर चढला असता, आणि ते पाणी पोरीला पाजलं असतं. मला रडू फुटलं आणि त्या रडण्यातच मी म्हणाले, "खरं होतं, भाऊ. वरही तेच पानी हाय."

"मंग आमी प्याचं तरी का?"

 टँकरला रस्ता नाही. गाळणी बसवायची तर वीज नाही. मी हे त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही नाला पार केला. दिवस मावळतीला आला होता. बुधरी गावाबाहेर वाटेवरच उभी होती, हातात घासून लखलखीत केलेला लोटा घेऊन. तिनं बापाची पाठ पाहिली.

"आनलं नाई?"

"नाई," इसरू म्हणाला.

त्यानं तिच्या हातातून लोटा घेतला आणि तो लाल पंपाकडे गेला. त्यानं दांडा दाबला. पहिला लोटा त्यानं मला दिला, दुसरा प्रफुलला, कारण आम्ही पाहुणे. तिसरा बुधरीनं घेतला. तिला तहान लागली होती. ती गटागटा प्यायली.