पन्नास सेंटिमीटर पाणी

पुस्तिकेतला एकच चौकोन कोरा राहिला होता, आणि तो भरण्यासाठी मामा आणि भाची डोंगराकडे निघाले होते.

नव्या मोटारीबरोबर एक माहितीपुस्तिका मिळते. गाडी किती लांब, किती जड, इंजिनाची ताकद किती, असे आकडे त्यात चौकोनाचौकोनांत छापलेले असतात. ज्या कारखान्यात ही दोघं कामाला होती, तिथे या आकड्यांची एक जुनी रीत होती. आकडा लिहिणाऱ्याने तो घडताना स्वतः गाडीत बसलेलं असलं पाहिजे. नुसतं गणित करून, टेबलाशी बसून चौकोन भरायचा नाही.

कोऱ्या चौकोनावर लिहिलं होतं: 'किती खोल पाणी पार करते.'

भाचीला तिथे पन्नास सेंटिमीटर लिहायचं होतं. ती इंजिनिअर होती आणि या गाडीच्या दारांच्या रबरी कडा तिने बनवल्या होत्या. एकात एक बसणाऱ्या दोन कडा. दार लागलं की वाराही आत येऊ नये, अशा. दोन वर्षं ती या कडांमागे लागली होती. कारखान्यातल्या हौदात पन्नास सेंटिमीटर पाण्यातून गाडी दहा वेळा गेली, आणि दहाही वेळा आतला गालिचा कोरडा निघाला. पण हौद तो हौदच. खऱ्या नदीत झाल्याशिवाय आकडा छापायचा नाही, आणि छपाई गुरुवारी सुरू होणार होती. तोवर चौकोन भरला नाही, तर तिथे जुन्या गाडीचा पस्तीस हा आकडा जाणार होता. म्हणजे तिची दोन वर्षं पुस्तिकेत कुठेच दिसणार नव्हती.

मामा कारखान्यातला चाचणी-चालक. अंगाने बुटका, हाताने हलका. सीट सगळ्यात वर घेतली तरी बाहेरून स्टिअरिंगमागे त्याची टोपीच दिसायची. भाची हुद्द्याने त्याच्यापेक्षा मोठी होती, आणि ते तो तिला विसरू देत नसे.

"इंजिनिअरसाहेब, पट्टा लावा," तो म्हणाला. "नाहीतर गाडी बोंबलते, आणि मग मी बोंबलतो."

"मामा, तू नुसती गाडी चालव."

गाडीचं नाव अजून ठरलं नव्हतं. रंगावरून तिला सगळे 'राखाडी' म्हणत. दिसायला रुबाबदार, आत पिवळसर पांढऱ्या मऊ चामड्याच्या सीट, थंडीत गरम आणि उन्हात गार होणाऱ्या. पण बॉनेटखाली सहा सिलिंडरचं तीन लिटरचं इंजिन होतं आणि त्यात साडेतीनशे घोड्यांची ताकद! उभ्या जागेवरून शंभराच्या वेगाला ती साडेपाच सेकंदांत पोचायची. साडेपाच सेकंद म्हणजे किती? बुटाची एक नाडी बांधून होईल, दुसरी राहील.

मोठ्या रस्त्यावर मामाने तिला मोकळं सोडलं. एवढी दोन टन वजनाची उंच गाडी वळणावर कलायला हवी होती. ती कलली नाही. या गाडीखाली लोखंडी स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. वळणावर बाहेरच्या बाजूच्या पिशव्या आपोआप घट्ट होतात आणि गाडी सरळ उभी राहते. डोक्यावर घागर घेतलेली बाई वळताना मान जशी ताठ ठेवते, तसं. शिवाय इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, आणि वळणावर त्यातली जास्त मागच्या चाकांकडे जाते. त्यामुळे गाडी मागून ढकलल्यासारखी वळणातून झपकन बाहेर येते.

"कशी वाटते?" भाचीने विचारलं.

"सांगितल्याच्या आधी ऐकते," मामा म्हणाला. "घरात असं कुणी नाही."

दुपारी डांबर संपलं आणि वाळूचं मैदान लागलं. पहिल्या शंभर पावलांतच राखाडी रुतली. मामा खाली उतरला आणि चारही टायरमधली निम्मी हवा त्याने सोडून दिली. टायर पसरट झाला की वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. उंटाचं पाऊल रुंद असतं ते काय उगीच? मग भाचीने एक बटण फिरवलं. हवेच्या पिशव्या फुगल्या आणि गाडी सहा सेंटिमीटर वर उचलली गेली. राखाडी गुरगुरली, हलली, आणि होडीसारखी डुलत वाळूवरून निघाली.

पुढचा रस्ता दगडांचा होता. मामाने टायरमध्ये पुन्हा हवा भरली, वेग कमी केला, तरी एका धारदार दगडाने पुढच्या टायरची कड कापलीच. या टायरची कड बुटकी असते. वेगात वळायला ती बरी, दगडांवर मात्र नाजूक. चाक बदलायला पाऊण तास गेला. दोघं रात्री खिंडीच्या पायथ्याशी गाडीतच झोपली, आणि सकाळी सातला नदीवर पोचली.

नदी रुंद होती, पण उथळ वाटत होती. वरच्या बर्फाचं पाणी, राखेच्या रंगाचं, दगडांवरून घोळत येत होतं. मामाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, हातात मापाची काठी घेतली आणि तो चालत नदी ओलांडून परत आला. त्याचे ओठ निळे पडले होते.

"मध्यावर सगळ्यात खोल. अडतीस," तो म्हणाला. "तळ पक्का आहे."

राखाडीने अडतीस सेंटिमीटर पाणी एखादं डबकं ओलांडावं तसं ओलांडलं. गालिचा कोरडा. भाचीचा चेहराही कोरडाच.

"अडतीस लिहायला मी एवढ्या लांब आले नाही," ती म्हणाली.

खिंडीतला चढ भयंकर होता! एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये गाडीपेक्षा हातभरच रुंद वाट. पण राखाडीने सात हजार फुटांची चढण एका दमात घेतली. संध्याकाळी ती खिंडीवरच्या हवामान केंद्रापाशी उभी राहिली. तिथे एकटा राहणारा केंद्राचा रखवालदार बाहेर आला. बऱ्याच दिवसांनी माणसं दिसल्यामुळे त्याला किती बोलू आणि किती नको असं झालं होतं. भाचीने त्याला नदीचं विचारलं.

"नदी सकाळी लहान असते," तो म्हणाला. "रात्री बर्फ गोठतं. ऊन चढलं की वितळतं, आणि ते पाणी खाली पोचायला दुपार होते. म्हणून शहाणी माणसं पहाटे ओलांडतात."

"दुपारी किती वाढते?"

"पहाटे ओलांडा, बाई."

"पण वाढते किती?"

रखवालदाराने मामाकडे पाहिलं. मामाने आभाळाकडे पाहिलं.

"वीतभर," रखवालदार म्हणाला. "कधी जास्त."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी दहाला, दोघं परत नदीकाठी आली. मामा पुन्हा चालत जाऊन मोजून आला. मध्यावर चाळीस. आणि मग त्यांनी जे केलं, ते या कारखान्यातली माणसंच करू जाणोत. सारं जग नदी उतरायची वाट बघतं. ही दोघं ती चढायची वाट बघत काठावर बसली!

भाचीने काठी काठाजवळच्या पाण्यात घट्ट रोवली आणि तिच्यावर लाल खूण केली. आताच्या पाण्याहून बरोबर दहा सेंटिमीटर वर. पाणी त्या खुणेला लागलं की मध्यावर पन्नास, असा साधा हिशेब. अकरा वाजले. बारा वाजले. मामाने दोन पोळ्या खाल्ल्या, एक डुलकी काढली. पाण्याचा आवाज हळूहळू बदलत होता. सकाळी ते खळखळत होतं, आता घुमत होतं. मधूनच तळाशी दगडावर दगड आपटल्याचा ठक्क आवाज यायचा.

दोनला पाणी खुणेला टेकलं.

"थांब, मी पुन्हा चालून येतो," मामा बूट काढू लागला.

"काठी आहे ना, मामा. तू जाऊन येईपर्यंत पंचावन्न होईल. मग उद्या छपाई, आणि संपलं."

मामाचा एक बूट हातात होता. त्याने भाचीकडे पाहिलं. दोन वर्षांत तिने किती रविवार कारखान्यात काढले, ते त्याला ठाऊक होतं. त्याने बूट परत घातला. त्याची चूक ती इथे झाली.

राखाडी पाण्यात उतरली. उंची वाढवलेली, वेग चालत्या माणसाचा. पाणी उजवीकडून, मामाच्या बाजूने येत होतं. वीस सेंटिमीटर, तीस, चाळीस. चाकं दगडांवर नीट पकड घेत होती. भाची पायाखालचा गालिचा चाचपत होती.

"कोरडा," ती म्हणाली. "मामा, एकदम कोरडा."

तेवढ्यात गाडीचं पुढचं टोक धपकन खाली गेलं. दुपारच्या जोराने तळातले दगड हलले होते आणि तिथे खळगा पडला होता. काठावरच्या काठीला तो दिसणार कसा? वाहतं पाणी आडव्या गाडीवर आदळून उजव्या बाजूला खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत चढलं. मामाने हलकेच गती दिली. इंजिन गुरगुरलं, चाकं फिरली. गाडी पुढे गेली नाही. ती डावीकडे सरकली!

राखाडी तरंगत होती.

रिकामा डबा झाकण घट्ट लावून बादलीत दाबून पाहा. तो वर उसळतो, कारण आत पाणी जात नाही. राखाडीचा तसाच डबा झाला होता. दोन टनांचं वजन, पण चाकं दगडांवर टेकेनात. डावीकडे वीस पावलांवर नदी वळत होती, आणि वळणाखाली माणसाएवढे धोंडे होते. पाणी त्यांच्यावर पांढरं फुटत होतं.

"दार उघड," मामा म्हणाला.

"काय?"

"तुझ्या बाजूचं. तिकडून दाब नाही. पाणी आत घे."

भाचीचा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथेच थबकला. दोन वर्षं! पाण्याचा थेंब आत येऊ नये म्हणून दोन वर्षं!

"ती जड झाली तरच चाकं टेकतील, बाळ," मामा शांतपणे म्हणाला. तो तिला बाळ म्हटल्याला वीस वर्षं झाली होती.

तिने मूठ ओढली. खांदा लावला. दार वितीएवढं उघडलं आणि बर्फाचं पाणी भसकन आत घुसलं. पाय बधिर झाले. पोटऱ्या बुडाल्या. पांढऱ्या सीट काळवंडल्या. समोरचा स्क्रीन एकदा लुकलुकला आणि विझला. धोंडे दहा पावलांवर. आठ. पाणी सीटला लागलं.

ठक्क!

मागचं चाक दगडाला टेकलं. मग दुसरं. इंजिनाने ताकद क्षणात मागे पाठवली. मामाने गती वाढवली नाही, तेवढीच धरून ठेवली, अंडं धरावं तशी. चाकं घसरली, धरली, पुन्हा घसरली, आणि मग सहाही सिलिंडर एका आवाजात बोलले. खळग्यातून पुढचं टोक वर आलं. दारातून पाण्याचा लोट सांडत, लंगडत, गुरगुरत राखाडी काठावर चढली आणि उभी राहिली. इंजिन अजून चालू होतं. हवा आत घेण्याची नळी बॉनेटच्या अगदी वरच्या कडेला होती, तिथवर पाणी पोचलंच नव्हतं.

मामाने टोपी काढून पिळली.

"काय गाडी आहे," तो म्हणाला.

भाचीचे दात वाजत होते. "माझ्या कडा फार चांगल्या निघाल्या, मामा. तीच पंचाईत झाली."

"कडांचा दोष नाही. मी बूट घातला, तो दोष."

"घालायला मी लावला."

गुरुवारी सकाळी पुस्तिका विभागाचे प्रमुख चौकोनाकडे बघत टेबलाशी बसले होते. खाली आवारात राखाडी चारही दारं उघडी टाकून वाळत होती. भाचीने आदल्या दिवशी घडलेलं सगळं, स्वतःच्या घाईसकट, सांगून टाकलं.

"म्हणजे पन्नास पाण्यातून ती बाहेर आली," प्रमुख म्हणाले. "तुम्ही दोघंही आत होतात. रीत पाळली गेली. पन्नास लिहा की. दुसऱ्या कारखान्याची गाडी पंचेचाळीसवर अडली आहे. जाहिरातीत केवढा आकडा दिसेल!"

भाचीने पेन उचललं. पन्नास लिहायला दोन अंक पुरे होते. तिने चाळीस लिहिलं; तिथवर चाकं दगडांवर टेकलेली होती. मग खाली, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरांत एक ओळ घातली: 'वाहत्या पाण्यात आधी चालत जाऊन बघा. दर वेळी. गुडघा भिजला तर परत फिरा.'

प्रमुखांनी ती दोनदा वाचली. "एवढ्या महागड्या गाडीच्या पुस्तिकेत गुडघा?"

"मापाची काठी कुणाजवळ नसते," भाची म्हणाली. "गुडघा सगळ्यांना असतो."

प्रमुख चांगले सहा फूट उंच होते. त्यांनी खुर्ची मागे सरकवून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "आणि माणूस माझ्याएवढा उंच असेल तर?"

"तर बुटक्याला पाठवायचं," मामा दारातून म्हणाला, "आणि तो बूट काढायला लागला, की त्याला काढू द्यायचे."

प्रमुखांनी कागद छपाईला पाठवला.