आठ मात्रांची जागा

केशवराव वैजापूरकरांना त्या दिवशी दुपारी तीनलाच तयार होऊन बसायचं काही कारण नव्हतं. कार्यक्रम साडेचारचा, शाळा औरंगपुऱ्यात, घर समर्थनगरात. रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटं. पण जन्मभर पोरांना 'वेळेच्या आधी या रे' म्हणून ओरडलेला माणूस, त्याला घरात थोडंच बसवतंय! इस्त्रीचा पांढरा शर्ट, राखाडी बिनबाह्यांचं स्वेटर, खिशात पेन्सिल आणि उजव्या कानात मशीन.

"डावा कान चार वर्षांपूर्वीच वारला," असं ते लोकांना हसत सांगत. "उजवा अजून धुगधुगी धरून आहे." ही धुगधुगीही आता फार दिवसांची नाही, हे डॉक्टरांनी दिवाळीनंतर स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून नाताळच्या सुट्टीआधीचा शाळेच्या बँडचा हा कार्यक्रम त्यांना चुकवायचा नव्हता. त्यांना बँड ऐकायचा नव्हता असं नाही, पण खरं जायचं होतं ते त्या बँडमधली एक शांतता ऐकायला.

आता हे ऐकून कोणीही हसेल. बहिऱ्याला शांततेचं काय कौतुक? पण शांतता ऐकायलाही कान लागतात हो. आधीचे सूर आणि नंतरचे सूर ऐकू आले, तरच मधली जागा सापडते.

गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. केशवराव त्या शाळेत संगीत शिक्षक होते आणि बँड त्यांनी उभा केला होता. ढोल, ताशे, बासऱ्या आणि एक तोंडानं फुंकून वाजवायची छोटी पेटी. ती पेटी त्यांनी शहागंजातल्या एका जुन्या बँडवाल्याकडून घासाघीस करून आणली होती. दर डिसेंबरात सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बँड वाजवायचा, आणि शेवटी केशवरावांनी स्वतः बसवलेली 'सुट्टीची धून'. त्या धुनीत एका ठिकाणी सगळी वाद्यं थांबत, लहान ढोल तेवढा ठेका धरून राही, आणि आठ मात्रा एकटी पेटी वाजे.

त्या आठ मात्रा अपेक्षाच्या. आठवीतली लुकडी पोर. आई लक्ष्मीबाई शाळेतच मावशी म्हणून कामाला, वडील वाळूजच्या कारखान्यात. बापाची शिफ्टची बस पहाटे पाचला, त्यामुळं अख्खं घर कायम धावत असायचं. पोरीच्या अंगातही ती घाई भिनलेली. जेवायची घाई, चालायची घाई, आणि त्या आठ मात्रांत तर हमखास अर्धी मात्रा आधी सुरू व्हायची.

"अपेक्षा," केशवराव पेन्सिलीनं टेबल वाजवत म्हणायचे, "सावकाश. गाडी सुटली नाही अजून."

पोर हसायची आणि पुन्हा अर्धी मात्रा आधी सुरू करायची.

केशवरावांच्या बँडचा एक रिवाज होता. कोणी गैरहजर असलं, तर त्याचे सूर दुसऱ्यानं वाजवायचे नाहीत. जागा रिकामी सोडायची. आपण नसलो की काहीतरी कमी पडतं, हे पोराला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या डिसेंबरात अपेक्षा तापानं आजारी पडली. केशवराव दवाखान्यात गेले, तेव्हा तिनं दुसरं काही विचारलं नाही. "सर, माझी जागा कुणाला देताल का?"

"तू येईपर्यंत कुणालाही नाही," केशवराव म्हणाले होते. "माझा शब्द."

बँड वाजला, आठ मात्रा रिकाम्या गेल्या. नवं वर्ष उजाडायच्या आत पोर गेली.

त्यानंतर ती ओळ कुणाला शिकवायचं केशवरावांच्या जिवावर आलं. वहीत त्यांनी त्या ठिकाणी आठ आडव्या रेघा ओढल्या. पुढची पोरं त्याच वहीवरून शिकली, त्यांच्या पुढची तशीच. केशवराव निवृत्त झाले, तरी 'सुट्टीची धून' त्या खड्ड्यासकट चालत राहिली. का, ते आता दोनच माणसांना ठाऊक होतं.

त्यातलं दुसरं माणूस आज शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेत बसलेलं दिसलं. लक्ष्मीबाईंनाही निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. मुकुंदवाडीहून येत त्या, फक्त या दिवशी.

"लई वाळले सर तुम्ही," त्या म्हणाल्या. "जेवता का नाय?"

"जेवतो. पण सून म्हणते तेल कमी, मीठ कमी. मग काय, वाराच खातो." केशवराव शेजारच्या खुर्चीवर टेकले.

मैदानावर फक्कीनं आखलेल्या रेघा होत्या. ओट्यामागं कुणीतरी समोसे तळत होतं. माईक मधूनच किंचाळायचा, की कानातल्या मशीनला झिणझिण्या यायच्या. ऊन कडुनिंबामागं उतरलं होतं आणि गारठा हळूहळू बाह्यांतून आत शिरत होता.

तेवढ्यात नवे संगीत शिक्षक विश्वजीत लगबगीनं आले आणि वाकून पाया पडले. तिशीतला, उत्साही, डोळ्यांत प्रामाणिकपणा असलेला मुलगा. "सर, तुमच्यासाठी एक गंमत आहे. तुमच्या धुनीतली ती हरवलेली ओळ मी भरून काढलीय."

"हरवलेली?"

"वहीत नुसत्या रेघा आहेत ना. मला वाटलं, आधीचं पान भिजलं असेल, उतरवून घेताना ओळ राहून गेली असेल. इतकी सुंदर धून, आणि मधेच खड्डा! म्हणून मी आठ मात्रा बसवल्या. सहावीतली मोनिका वाजवणार आहे. पेटी तीच, तुमच्या वेळची. महिनाभर रियाज करतेय बिचारी."

केशवरावांचा हात खिशातल्या पेन्सिलीवर गेला. त्यांनी लक्ष्मीबाईंकडं पाहिलं नाही. पाहवलंच नाही. 'ते नका वाजवू' हे तीन शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ओट्याच्या पायरीवर दोन घट्ट वेण्यांची एक लुकडी मुलगी मांडीवर पेटी घेऊन बसली होती, आवाज न करता नुसती बोटं फिरवत. तिच्या ओठांची थरथर इतक्या लांबून दिसत होती. महिनाभराचा रियाज. हिच्या तोंडचा घास काढायचा?

"वाजवू दे," केशवराव म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

विश्वजीत गेल्यावर लक्ष्मीबाईंनी पायरीवरच्या मोनिकाकडं पाहिलं. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "बरोबर केलं सर. जित्या लेकराचं मन मोडू नाय." हळूच पुढं म्हणाल्या, "पर मी फकस्त तेवढ्यासाठी येत होते बगा. तेवढ्या वेळात मला ती दिसायची."

केशवरावांनी दिलेला शब्द सतरा वर्षं सांभाळला आणि आज, कान जाता जाता, आपल्याच तोंडानं मोडला. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

कार्यक्रम सुरू झाला. भाषणं झाली, लेझीम झाली, दोन समूहगीतं झाली. शेवटी बँड उभा राहिला. विश्वजीतनं हात वर केला आणि नेमकं तेव्हाच केशवरावांच्या कानात मशीननं बारीक टूं टूं केलं आणि ते बंद पडलं. बॅटरी संपली.

सुटी बॅटरी खिशात होती. पण ते मेलं झाकण नखाएवढं, आणि बोटं थंडीनं आखडलेली. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा मशीन हातातून निसटता निसटता राहिलं. शेवटी बॅटरीसकट ते त्यांनी मुठीत धरलं आणि समोर पाहत बसले.

काहीही ऐकू येत नव्हतं. टिपऱ्या ताशांवर पडत होत्या, गाल फुगत होते, विश्वजीतचा हात खालीवर होत होता, आणि सगळं जणू काचेपलीकडं चाललं होतं. मोठा ढोल तेवढा छातीत धप्प धप्प लागत होता. त्याच्यावरून केशवराव मात्रा मोजत होते. चुकायची सोयच नव्हती, धून त्यांच्या हाडांत होती.

सोळा. चोवीस. बत्तीस.

सगळी वाद्यं थांबली. मोनिकानं पेटीची नळी ओठांना लावली.

आणि केशवरावांना ऐकू आलं.

पेटीचा सूर. स्वच्छ, जवळचा, थोडा घोगरा. मशीन त्यांच्या मुठीत होतं. दोन्ही कान रिकामे होते.

सूर अर्धी मात्रा आधी सुरू झाला होता.

ती ओळ विश्वजीतनं बसवलेली नव्हती. वर चढून अर्ध्यावर वळणारी, शेवटी एका सुरावर टेकणारी ती ओळ केशवरावांनी सतरा वर्षांत कुणाला शिकवली नव्हती.

त्यांनी मोनिकाकडं पाहिलं. पोरीचे गाल सपाट होते. बोटं पट्ट्यांवर नुसती ठेवलेली. ती समोर बघत नव्हती, मान किंचित उजवीकडं वळवून शेजारी बघत होती. शेजारी कोणी नव्हतं.

सात. आठ.

ढोल पुन्हा छातीत लागला. सूर गेला. पुन्हा ती काच.

केशवरावांनी वळून पाहिलं. लक्ष्मीबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मांडीवर त्यांचं एक बोट अजून मात्रा मोजत होतं.

टाळ्या झाल्या, म्हणजे हात हलताना दिसले. लोक उठले. विश्वजीत मोनिकाला घेऊन आले तेव्हा केशवराव मूठ उघडून तसेच बसले होते. पोरीनं न सांगता ते मशीन उचललं, आपल्या इवल्या बोटांनी झाकण उघडलं, बॅटरी बसवली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानात घातलं. जग पुन्हा कानात आलं. खुर्च्या ओढल्याचे आवाज, समोशांच्या घाण्याची चरचर, लेकरांचा गलका.

"ऐकलंत ना सर?" विश्वजीत फुलून आले होते. "ही कार्टी! मी दिलेली ओळ सोडून ऐन वेळी भलतीच वाजवली. पण काय चपखल बसली हो! अर्धी मात्रा आधी घेतली तेवढंच. ते काय, शिकवता येईल." कुणीतरी हाक मारली म्हणून ते तसेच पळाले.

मोनिका मान खाली घालून उभी होती. डोळे डबडबलेले.

"काय झालं गं?" केशवरावांनी विचारलं.

"सगळे म्हणायलेत छान वाजवलं." तिनं नाक ओढलं. "मी वाजवलंच नाय सर. मी फुंकणार, तेवढ्यात सुरूच झालं."

"कुठून?"

तिनं आपल्या उजव्या कानाला हात लावला. "इथून. इथं गरम गरम श्वास लागत होता. मग थांबला."

लक्ष्मीबाई खाली वाकल्या. त्यांनी पोरीचे दोन्ही हात हातात घेतले.

"भेव वाटलं व्हय, माय?"

मोनिकानं विचार केला. खरं तेच सांगायचं, असा तिचा चेहरा झाला.

"नाय मावशी," ती म्हणाली. "तिला फक्त लई घाई होती."

केशवरावांच्या मनात भीती नव्हती. असलीच, तर तिच्यावर माया चढून बसली होती. शब्द मोडला जाणार म्हणताच पोर धावत आली होती, नेहमीसारखी, अर्धी मात्रा आधी. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि मोनिकाच्या वहीत स्वतःच्या हातानं ती जुनी ओळ लिहिली. सतरा वर्षांनी पहिल्यांदा.

"पुढच्या वर्षी तू वाजवायचंस. पहिल्या चार मात्रा. पुढच्या चार सोडायच्या."

"कुणासाठी?"

"तिच्यासाठी. आठ मात्रा आहेत बाळा. दोघींना पुरतात."

मोनिका हसली आणि वही छातीशी धरून पळाली.

बाहेर पैठण गेटच्या बाजूनं गाड्यांचा गोंगाट उसळला होता. "चला, तुम्हाला घरापर्यंत सोडतो," केशवराव म्हणाले, आणि लक्ष्मीबाई नाही म्हणाल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर केशवरावांनी कानातलं मशीन काढून वरच्या खिशात ठेवलं. एरवी ते असं कधी करत नसत.

मग ते सीटच्या अगदी कडेला सरकले. त्याच वेळी पलीकडून लक्ष्मीबाईही कडेला सरकल्या. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. मधे एका लुकड्या पोरीपुरती जागा राहिली.

"चचा, जरा अंदर होके बैठो ना," रिक्षावाला मागं न बघता म्हणाला, "गिर जाते नई तो!"

केशवरावांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी गुडघ्यावर पेन्सिल दोनदा वाजवली आणि मधल्या जागेकडं वळून हलकेच म्हणाले, "सावकाश. गाडी सुटली नाही अजून."

रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिला. मग त्यानं आरसा वर वळवला आणि मुकुंदवाडीपर्यंत गाडी अगदी हळू नेली.