दोनशे चाळीस माश्या, चार पेट्या

फळ्यावर शून्य काढताना तो जिथून सुरुवात करायचा तिथे खडू परत टेकवत नसे. शेवटी फट राहायची, अंदाजे दोन मिलिमीटरची. पहिल्या दिवशी मी त्याची अकरा शून्यं पाहिली, त्यातली नऊ तशीच उघडी होती. मोजायची सवयच मला. त्यात दुसरं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

ओळख मात्र फळ्याच्या आधीच झाली होती. वर्गात मी वीस मिनिटं लवकर पोचले होते. बाहेर धुकं इतकं दाट की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून नुसता पांढरा उजेड दिसत होता, जणू इमारत हवेत तरंगत होती. एक जण टेबलावर उभा राहून पडद्याची निसटलेली दांडी बसवत होता. देखभालीचं काम करणारा असेल, असं मला वाटलं.

"अहो, जरा ते टोक धरता का?"

मी धरलं.

"थोडं वर... अजून... बास!"

"अंदाजानं बसवताय?"

"अंदाज बांधण्याचाच पगार मिळतो मला," तो म्हणाला, खाली उतरला आणि खडू घेऊन सरळ फळ्यापाशी गेला.

शास्त्रज्ञांसाठी संख्याशास्त्राचा पाच दिवसांचा वर्ग होता तो. आम्ही बारा जण, प्रत्येकाने आपापले आकडे बरोबर आणलेले. माझ्या शेजारी पशुवैद्य काकू होत्या, गायींच्या दुधाच्या नोंदी घेऊन आलेल्या. मी मधमाश्यांवर काम करते हे कळल्यावर त्यांनी माझं नाव राणीमाशी ठेवलं. त्याचं ठेवलं 'नाही-चालणार'. कारण कुणी विचारलं, "सर, असं केलं तर चालेल का?" की तो मान तिरपी करायचा, खरोखर विचार करायचा आणि अगदी हळुवारपणे म्हणायचा, "नाही चालणार."

दुपारी त्याने झाडाचं एकच पान सगळ्यांमधून फिरवलं. प्रत्येकाने लांबी मोजून चिठ्ठीवर लिहायची, दुसऱ्याला दाखवायची नाही. शेवटी त्याने स्वतःही मोजलं. तेरा चिठ्ठ्यांत अकरा वेगवेगळी उत्तरं निघाली. एकसष्ट पूर्णांक पाच मिलिमीटर मात्र तीनदा आलं. एक काकूंचं, एक माझं आणि एक त्याचं.

"माझं मेलं उगाच मध्ये आलं!" काकू मोठ्यांदा म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार, पण ते मोजायला साधन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने आपलं काम दाखवायचं होतं. माझं साधं होतं. दोन पेट्यांतल्या माश्यांना औषध मिसळलेला पाक द्यायचा, दोन पेट्यांना नुसता पाक. प्रत्येक पेटीतल्या साठ माश्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका लावायचा आणि त्या फुलांवरून किती वेळात परततात ते नोंदवायचं. एकूण दोनशे चाळीस माश्या. औषधवाल्या लवकर परतत होत्या, फरक घसघशीत होता.

त्याने कागद बराच वेळ पाहिला.

"ठिपके तुम्हीच लावले?"

"एकेक."

"सुंदर काम आहे." मग मान तिरपी झाली. "पण औषध तुम्ही पेटीला दिलंत ना, माशीला नाही. एका पेटीतल्या साठ जणी बहिणी. एक आई, एक घर. ही एकच साक्ष साठ वेळा नोंदवल्यासारखी झाली."

"बाप वेगळे असतात त्यांचे," मी चिडून म्हणाले.

"असतील. घर एकच ना?"

मी कागद माझ्याकडे ओढला.

"तुमच्याकडे दोनशे चाळीस माश्या नाहीत," तो म्हणाला. "चार पेट्या आहेत. चारांवरून एवढं मोठं वाक्य लिहिता येणार नाही."

"नाहीच चालणार?"

"नाही चालणार."

मी कागद गोळा केले आणि जिन्यात जाऊन बसले. राग त्याचा आला नव्हता. हे मला आठ महिन्यांपासून माहीत होतं. एका संध्याकाळी पेट्यांपाशी उभी असताना, ती ऐकून ऐकून अंगात भिनलेली गुणगुण चालू असताना, अचानक लक्षात आलं होतं... आणि मी वही मिटली होती. माझ्या नेमणुकीचे सहा महिने उरले होते. या प्रयोगावरचा पेपर छापून आला तरच मुदत वाढणार होती. शुक्रवारी तो पाठवायचा, असं आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी ठरवलं होतं. या वर्गाला मी शिकायला आलेच नव्हते. जाणत्या माणसाने एकदा 'चालेल' म्हणावं, एवढ्याचसाठी आले होते.

जिन्यात पावलं वाजली. कागदी कपांतले दोन चहा घेऊन तो दोन पायऱ्या खाली बसला.

"सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी."

"एकटीला सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं," मी म्हणाले. चहा फार गोड होता. मी तो सगळा प्यायले.

"एकदा मी 'चालेल' म्हणालो होतो," तो कपाकडे बघत म्हणाला. "मैत्रिणीला. तिला वाईट वाटू नये म्हणून. पुढे तिला छापलेला पेपर मागे घ्यावा लागला. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं."

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही चालायला जायचो. धुक्यात दहा पावलांपुढचं काही दिसायचं नाही. झाडं जवळ यायची, ओली होऊन मागे जायची. तो विचारायचा, माशी वाट कशी लक्षात ठेवते? मी सांगायचे. पेपर, शुक्रवारी सरांना करायचा फोन, तेही सांगून झालं. सांगताना आपलं बोलणं कुणीतरी इतकं नीट ऐकतंय याचंच मला नवल वाटायचं. एकदा रस्ता ओलांडताना त्याचा हात माझ्या कोपराला लागला. लागला आणि जरा जास्तच वेळ राहिला. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

"काय ग राणीमाशे," चौथ्या दिवशी काकूंनी विचारलं, "याला विचारून झालं का?"

"काय विचारायचं?"

"चालेल का म्हणून!"

शुक्रवारी चारला वर्ग संपला. सगळे निरोप घेऊन गेले. सरांचे तीन मेसेज आले होते, शेवटचा फक्त 'पाठवलास?' एवढाच. मी खिडकीपाशी उभी होते. धुकं विरळ होत होतं, खालचा रस्ता कुणी पेन्सिलने हलकेच काढल्यासारखा दिसायला लागला होता.

तो फळा पुसत होता. पुसून झालेला फळा पुन्हा पुसत होता.

"तुम्हाला काहीतरी बोलायचंय," मी म्हणाले.

"बोलायचंय. पण आज... तुमचा फोन होईपर्यंत नाही."

"का?"

"मी आधी बोललो, तर तुम्ही जे ठरवाल त्यात माझी भेसळ होईल. मग ते ठरवणं तुमचं राहणार नाही." त्याने डस्टर ठेवलं. "आणि तुम्ही पेपर पाठवलात तरी मला जे बोलायचंय त्यात बदल होणार नाही. हेही खरं तर सांगायला नको होतं."

"गुपित फुटलंच म्हणायचं मग."

"फुटलं," तो म्हणाला. खडूने पांढरे झालेले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

मला हसू आलं. नोकरी जाऊ शकत होती, आणि प्रयोग नीट करायचा तर निदान वीस पेट्या, पुढचा एक पूर्ण हंगाम, पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात. हे सगळं आठ महिने मी एकटीच घोकत होते. मी नंबर लावला.

तो दाराकडे निघाला, मला मोकळेपणी बोलता यावं म्हणून. मी त्याची बाही धरली. तो थांबला. बाहीवरून माझी बोटं त्याच्या हातावर घसरली, आणि तिथला खडू माझ्या बोटांना लागला.

"हं, बोल," पलीकडून सर म्हणाले. "पाठवलास ना?"

"नाही सर," मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "पेपर मी पाठवत नाहीये. आपल्याकडे चारच पेट्या आहेत, आणि हे मला खूप आधीपासून माहीत होतं. मी सगळं पुन्हा मोजणार आहे."