मचाणाखाली तुळसा

आधीच सांगतो, पटलं नाही तर पुढं जा. कमेंटमध्ये अक्कल शिकवू नका. ही आमच्या घरातली गोष्ट आहे. माझे खापरपणजोबा काळुराम यांच्या बाबतीत घडलेली. साल १८८३, माघ महिना. ठिकाण माजिवडा, जिथं मी आजही राहतो.

आत्ता लिहायचं कारण, गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बिबट्या फिरताना कॅमेऱ्यात दिसला. झालं. ग्रुपवर अर्धे म्हणतात गोळी घाला, अर्धे म्हणतात आपणच त्याच्या घरात घुसलोय. चार दिवस हेच चालू आहे. वैताग आलाय नुसता. सोफ्यावर बसून मत द्यायला काय जातं?

काळुरामला तेच मत तासाभरात द्यायचं होतं. तेही बायकोचं प्रेत समोर असताना.

तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा. आगरी माणूस, खाडीकडच्या मिठागरात राबायचा. घरात आई बायजा, बायको तुळसा आणि तीन वर्षांचा धाकू, म्हणजे माझे पणजोबा. माजिवडा म्हणजे तेव्हा थोडी घरं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचा डोंगर.

त्या डोंगरात एक वाघ माणसांना चटावला होता. दोन गडी गेले होते. गाव तीनदा एकत्र बसलं आणि तिन्ही वेळा काहीही न ठरवता उठलं.

"वाघोबाचं जनावर आहे ते," सहदेव पाटील म्हणायचे. "दरसाल कोंबडा देतो आपण. यंदा देण्यात काही चुकलं असेल."

"चुकलं कुनाचं आनि मेलं कोन?" काळुराम भडकला. "शहाडचा महिपत शिकारी बोलवा. बंदूक हाय त्याच्याकडं."

"बघू," पाटील म्हणाले.

बघू. हे ऐकलं की माझं आजही डोकं फिरतं.

शेवटी काळुरामनं गावाला न विचारता स्वतःच शहाडला निरोप धाडला. महिपत निघालाही. पण पोचला दोन तास उशिरा.

त्या गुरुवारी दुपारी तुळसा चार बायकांबरोबर लाकडं आणायला डोंगरात गेली होती.

बायका परत आल्या...

तुळसा आली नाही.

काळुराम मिठागरातून तसाच पळत सुटला, मागोमाग गाव. ती कोरड्या ओढ्यात सापडली. बायकांच्या आरडाओरड्यानं जनावर तिला तिथंच टाकून पळालं होतं. मानेवर जखम होती, बाकी चेहरा तसाच. हातातल्या हिरव्या बांगड्यासुद्धा शाबूत. तो तिला उचलायला वाकला, तेवढ्यात महिपत तिथं पोचला.

"उचलू नको," महिपत म्हणाला. "दिवस मावळायच्या आत तो हिच्याकडं परत येनार. हीच वेळ हाय त्याला मारायची. नेलीस तर उद्या तो जितं मानूस उचलेल."

बायजा रडत पुढं आली. "सवाष्ण गेली माझी सून. तिची ओटी भरायची सोडून तिला जनावराच्या तोंडाशी ठेवू?"

"आणि ऐक काळू," सहदेव पाटील हळूच म्हणाले. "वाघानं मारलेली सवाष्ण त्याच्याच संगती फिरते. त्याला मारलंस, तर तुळसा जाईल कुठं?"

काळुरामचा संयम सुटला. "हे सगळं ती गेल्यावर सुचतंय तुमाला? मेलेल्यांची काळजी, आनि जित्यांचं काय? राहू दे तिला इथंच."

गाव खाली गेलं. महिपत आणि काळुराम समोरच्या झाडावर मचाण बांधून बसले. खाली दहा-बारा हातांवर तुळसा.

ऊन डोंगराआड गेलं.

पाखरांचा आवाज हळूहळू कमी झाला... आणि मग बंदच झाला.

महिपतनं ठासणीची बंदूक खांद्याला लावली.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

काळुरामनं दचकून खाली पाहिलं. तुळसाचे हात होते तिथंच होते. जराही हलले नव्हते.

पुन्हा वाजल्या... पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून.

आणि त्याच जाळीतून वाघ बाहेर आला. सावकाश. तो तुळसापाशी थांबला. महिपतनं नेम धरला.

"अवो..."

तुळसा त्याला अशीच हाक मारायची. जेवायला वाढलं की. धाकू झोपला की.

"अवो... नका मारू."

काळुरामनं बंदुकीच्या नळीला धक्का दिला. बार वर फांद्यांत उडाला. वाघ एका उडीत नाहीसा झाला.

महिपतनं शिवी घातली नाही. बंदूक खाली घेतली. मग म्हणाला, "काय ऐकलंस तू?"

"तू नाय ऐकलंस?"

"मना फकस्त बांगड्या ऐकू आल्या."

त्याच रात्री तुळसाला अग्नी दिला. गावात मात्र एवढंच कळलं, की काळुरामनं हातातला वाघ घालवला.

अकराव्या दिवशी गावातल्या नाथाची बायको सगुणा गेली.

विहिरीवर पाणी भरत होती. जोडीला जाऊ होती. जाऊ सांगायची, रानाच्या बाजूनं बाईचा आवाज आला, "सगुणा, ये गं." तुळसाचा आवाज. जावेला पाय उचलवेना. सगुणा मात्र घागर ठेवून चालत गेली.

अंगावर काटा येतो ना? मला राग येतो. ती बाई जगली असती. पहिल्या बैठकीत गाव काही बोललं असतं तर दोघीही जगल्या असत्या. काळुरामनं हात आवरला असता तर निदान सगुणा. आता कुणाला धरू?

नाथा काळुरामच्या दारात आला. शिवीगाळ करेल असं वाटलं होतं. पण तो उंबऱ्याशी टेकला.

"तू नेम चुकवलास म्हनतात."

"हो."

"माझी बायको सापडली तिथंच ठेवलीय. या खेपेला चुकवू नको."

या वेळी मचाणाचे दोर सहदेव पाटलांनीच आणून दिले.

पुन्हा मचाण. पुन्हा तीच तिन्हीसांज. महिपत शेजारी होता, पण बंदूक काळुरामनं स्वतःच्या हातात घेतली होती.

पाखरं गप्प झाली...

बांगड्या वाजल्या. आधी डावीकडून.

मग उजवीकडून...

दोघी होत्या.

वाघ समोर आला.

"अवो... मी हाय."

काळुराम रडत होता. "ठाव हाय मना," तो म्हणाला आणि चाप ओढला.

वाघ जागेवर कोसळला. दोन-तीनदा पाय झाडले आणि निपचित पडला. धूर विरला. सगळं शांत झालं.

महिपतनं सुटकेचा श्वास सोडला. काळुराम खाली उतरू लागला.

आणि मेलेल्या वाघाजवळून आवाज आला...

"आता आम्ही कुठं जायचं?"

या वेळी महिपतनंही ऐकलं. त्यानं घाईनं काळुरामच्या तोंडावर हात ठेवायला पाहिलं. पण काळुराम बोलून गेला होता.

"घरी चला."

त्यानंतर डोंगरात एकही माणूस वाघाच्या तोंडी गेलं नाही. लोक निर्धास्त लाकडं आणायला लागले. गावाच्या लेखी प्रश्न मिटला.

आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून तिन्हीसांजेला दोन बायका वावरतात. दिसत नाहीत. चुलीपाशी बांगड्या वाजतात, बस. पणजोबा धाकू त्या आवाजावर झोपायचे. आजोबा म्हणायचे, दुर्लक्ष करा. वडील म्हणायचे, बघू. घर पाडलं, जागा बिल्डरला दिली, आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो. वाटलं, सुटलो.

पहिल्याच संध्याकाळी किचनमधून बांगड्यांचा आवाज आला. बायको तर तेव्हा नौपाड्यात गेली होती.

त्या कुणाला काही करत नाहीत. पण पिढ्यान् पिढ्या कुणी एक शब्द बोलायचं नाही, सगळ्यांनी नुसतं सोसायचं, याचा मला भयंकर वैताग येतो. म्हणून यंदाच्या माघात मी ठरवून किचनच्या दारात उभा राहिलो. दिवा लावला नव्हता. बांगड्या वाजत होत्या.

हात जोडले आणि म्हणालो, "बायांनो, खूप वर्षं झाली. आता जा."

बांगड्या थांबल्या.



मग दोघींनी एकदमच विचारलं.

"कुठं?"

मी लाईट लावली आणि तिघांच्या चहाचं आधण ठेवलं.