पोत्यातली सगळ्यांत लांब शेंग

२०५२ साली मी अकरा वर्षांची होते. जागतिक क्रीडास्पर्धा नुकत्याच संपल्या होत्या. आमच्या शिरोळ तालुक्याएवढीही वस्ती नसलेल्या एका बेटाने लांब उडीचं पदक नेलं. आपण कोट्यवधी, आणि उड्यांमध्ये आपल्याला एकही पदक नाही. असं कसं?

मुख्याध्यापक घाटगेसरांनी उपाय काढला. उडीच्या वाळूभोवती कुंपण घातलं. 'मापाडी' या शाळेच्या यंत्रमानवाने पायांची मापं घेऊन निवडलेली चार मुलंच सोमवारपासून आत जाणार होती. त्या चौघांत मी नव्हते. उडीशिवाय मला तेव्हा दुसरं काही सुचत नसे.

मैत्रीण रेश्माला घेऊन मी मापाडीला गाठलं. "तूच निवडलंस ना? मग सांग, ते बेट जिंकलं कसं?"

"मला चार मुलं निवडायला सांगितलं. हे कुणी विचारलंच नव्हतं," मापाडी म्हणाला. "शेंगा आणा."

शाळेच्या स्वयंपाकघरात ओल्या भुईमुगाचं पोतं होतं, तिथेच आम्ही त्याला नेलं. मापाडीने त्यातून एक छोटी पिशवी भरून ती पूर्ण ओतली. पोत्याच्या तोंडातून मात्र वरची मूठभरच काढली. मग म्हणाला, "दोन्हीकडची सगळ्यांत लांब शेंग शोधा."

पिशवीतली शेंग लांब निघाली.

"पोतं मोठं असून हरलं?" मी विचारलं.

"पोतं नाही, मूठ हरली. तिला नमुना (मोठ्या समूहातून तपासायला काढलेला भाग) म्हणतात. त्या बेटावर जवळजवळ प्रत्येक मूल उडी मारून बघतं. तुमच्याकडे किती जणांनी मारलीय?"

मग आम्ही पोतंच ओतलं. बऱ्याच वेळाने एक चार दाण्यांची लांबलचक शेंग सापडली. ती बाकावर ठेवून मी विचारलं, "म्हणजे शोधलं की झालं?"

"नाही. शेंग आपोआप लांब होते, माणसाला शिकावं लागतं. जाणता प्रशिक्षक, पोटभर खाणं, जवळपास वारंवार स्पर्धा, हेही लागतं. ते ज्या देशांत अधिक, ते पुढे. पण जो वाळूपर्यंत पोचलाच नाही, त्याला शिकवणार काय?"

इतक्यात बाकावर कुड्कन आवाज झाला. घाटगेसर कधी येऊन बसले, कळलंच नव्हतं. ते शेंग सोलून खात होते.

"सर! ती सगळ्यांत लांब होती!"

सर टरफलाकडे बघत राहिले. "मला काय ठाऊक, पोरी?"

"अशाच जातात," मापाडी शांतपणे म्हणाला. "कुणाला ठाऊक नसताना."

सरांनी टरफल खिशात ठेवलं. सोमवारी कुंपणाचं दार उघडं होतं, आणि सगळ्या शाळेने उडी मारली.

मी मधेच कुठेतरी आले. सगळ्यांत लांब गेली रेश्मा. ती माझ्या चपला सांभाळायला आली होती.

"अगं, कधी बोलली नाहीस!"

"चपला धर म्हणालीस," ती पायांची वाळू झटकत म्हणाली. "उडी मार कुठं म्हणालीस?"

पुढे रेश्मा परदेशांत उड्या मारून आली. परवा तिची नात आमच्याकडे आली होती. तिला उडीत रस नाही, ती पोहते म्हणे. पोतं अजून बरंच भरलेलं आहे.