रिकामी सेफ्टी पिन

दार दादानं उघडलं, आणि आलेल्या डॉक्टरबाईंनी त्यालाच नमस्कार केला. पिकलेल्या मिशा, रुंद खांदे, कपाळाला आठ्या; गुप्तहेर म्हटलं की लोकांना असंच कोणीतरी दिसतं. दादानं तो नमस्कार मुकाट्यानं ठेवून घेतला. खरी गुप्तहेर, म्हणजे त्याची धाकटी बहीण, आत केसांचा गुंता सोडवत बसली होती.

शाळेपासून हे असंच चाललं होतं. गणित दादाला घातलेलं असायचं आणि उत्तर धाकटी द्यायची. आता नोकरीतून मोकळा झाल्यावर तो तिची पिशवी धरून हिंडायचा आणि मनातल्या मनात जळायचा. पिशवी सोडवत नव्हती आणि जळणंही.

डॉक्टरबाईंचं छोटं इस्पितळ होतं. आज सकाळी ऑपरेशनच्या आधी, हात धुवायच्या खोलीत मोठ्या सिस्टर जमिनीवर पडलेल्या सापडल्या. उजव्या हाताचं हाड मोडलं होतं. नव्या नर्सनं मागून ढकललं, असं त्या म्हणत होत्या. नवी म्हणत होती, मी ऑपरेशनच्या खोलीतून हललेच नाही. पण तिथं ती एकटीच होती, त्यामुळे तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं.

"संध्याकाळी पोलिसांत तक्रार द्यावी लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकदा ती दिली की त्या पोरीला कुठलंही इस्पितळ उभं करणार नाही. पण मोठ्या सिस्टर खोटं बोलतील, असंही मला वाटत नाही. माझं तर डोकंच चालेना."

जाता जाता त्यांनी सांगितलं की हाड करंगळीच्या मुळाशी मोडलं होतं. मनगट धड होतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

इस्पितळात तीन खोल्या एका रांगेत होत्या. आधी कपडे बदलायची, मग हात धुवायची आणि काचेपलीकडे ऑपरेशनची. पहिल्या खोलीत टोप्या चढवताना एका लोखंडी कपाटाचं दार सारखं दादाच्या पाठीला लागत होतं. त्यानं ते दोनदा लोटलं, पण ते काही बसेना. छातीच्या उंचीवर पत्रा आत गेला होता.

"कसली तकलादू कपाटं घेतात," तो करवादला.

"कोणाचं आहे रे?"

दादानं चिठ्ठी वाचली. कपाट नवीचं होतं. धाकटी त्या पोच्याकडे नुसती बघत राहिली. हिलाही कधीतरी सुचत नाही, म्हणून दादाला जरा बरं वाटलं.

झाडलोट करणाऱ्या मामांना बोलायला माणूसच हवा होता. सकाळी ते हात धुवायच्या खोलीतल्या साबणाच्या सगळ्या बाटल्या उचलून बाहेर व्हरांड्यात भरत बसले होते. मध्येच कुठेतरी धाडकन आवाज झाला. ढकलगाडी आपटली असेल, म्हणून त्यांनी मान वर केली नाही. चांगल्या दोन बाटल्या भरून झाल्या आणि मग मोठ्या सिस्टरांची किंकाळी आली. धावले तर त्या खाली बसलेल्या, नळ धो धो वाहतोय.

सर्जन मात्र घाईत होते. प्रश्न धाकटी विचारत होती आणि ते उत्तरं दादाला देत होते. आज ऑपरेशनला हाताशी कोणी राहायचं ते त्यांनीच ठरवलं होतं. सकाळी येताच त्यांनी ड्यूटीच्या पाटीवरचं मोठ्या सिस्टरांचं नाव पुसून नवीचं लिहिलं.

"त्यांना सांगितलंत का?" धाकटीनं विचारलं.

"पाटी असते कशाला साहेब?" ते दादाला म्हणाले आणि घड्याळ बघत निघून गेले.

नवी कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसली होती. तिनं आधी काही सांगायचं नाही असंच ठरवलेलं दिसत होतं, पण एकदा सुरू झाली तेव्हा थांबेना. मोठ्या सिस्टर तिची टोपी लपवायच्या. धुतलेली अवजारं सगळ्यांदेखत परत धुवायला लावायच्या. जाता-येता कोपर मारायच्या आणि वर म्हणायच्या, दिसत नाही का गं? गेल्या आठवड्यात त्यांनी दंड धरून ओढलं, तेव्हा हिनं असा हिसका दिला की सगळा ट्रे खाली आला. सगळं इस्पितळ बघत होतं.

"तेव्हा ढकललं मी, मॅडम. नाही कशाला म्हणू? आज नाही ढकललं."

मोठ्या सिस्टर खाटेवर पडून होत्या. हाताला प्लास्टर आणि उशाशी कागदाची पुडी. बोट सुजल्यामुळे अंगठी कापून काढावी लागली होती. आईची होती हो, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या गणवेशाच्या छातीला आतल्या बाजूनं एक सेफ्टी पिन डोकावत होती. गप्प बसून कंटाळलेल्या दादानं विचारलं, ही कशाला?

"अंगठीसाठी," त्या म्हणाल्या. "हात धुण्याआधी अंगठी काढून या पिनेत ओवायची. नोकरीला लागले त्या दिवसापासून कधी चुकले नाही."

धाकटीनं विचारलं, आज ऑपरेशनला कोण होतं? त्या म्हणाल्या, मी. दुसरं कोण असणार? पाटी पाहिली होती का? पाटी बघायची मला काय गरज पडलीय, असं म्हणून त्यांनी मान फिरवली. साबणानं माखलेले हात घेऊन त्या म्हणे नळाशी उभ्या होत्या, मागून धक्का बसला आणि त्या तळहातांवर आदळल्या.

बाहेर आल्यावर दादानं आपलं मत ठोकून दिलं. सर्जनच तो. म्हातारीला घालवायचं आहे त्याला. धाकटी हसली आणि तिनं सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत बोलवायला सांगितलं. सर्जन तेवढे आले नाहीत, मोठ्या सिस्टरांना मामांनी चाकांच्या खुर्चीवरून आणलं.

"धक्का दिल्यावर माणूस लगेच ओरडतो," धाकटीनं सुरुवात केली. "इथं आधी आवाज झाला, मामांच्या दोन बाटल्या भरल्या आणि मग किंकाळी आली. तो आवाज पडण्याचा नव्हताच. आणि साबण? बाटल्या सगळ्या मामांपुढे होत्या. हात माखले कशानं?"

मामांनी तोंडावर हात ठेवला. हे आपण सांगितलं, यावर त्यांचाच विश्वास बसेना.

"तळहातांवर पडलेल्याचं बहुधा मनगट जातं. करंगळीचं मूळ जातं ते मूठ आपटल्यावर." तिनं कपाटाचं दार ओढलं. "मूठ इथं आपटली. दादाच्या पाठीला हे दार लागलं नसतं तर मला दिसलंही नसतं."

दादानं उगाच घसा खाकरला.

"पण खरी गोष्ट अंगठीची. आज हाताशी आपणच आहोत असं वाटून तुम्ही हात धुवायला आला असतात, तर अंगठी पिनेत असती. पिन रिकामी होती आणि अंगठी सुजलेल्या बोटातून कापावी लागली. म्हणजे सिस्टर, तुम्ही पाटी वाचली होती. हात धुवायचे नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं."

मोठ्या सिस्टर जमिनीकडे बघत होत्या. मग त्या अगदी हळू बोलल्या, "माझं नाव नीट पुसलंसुद्धा नव्हतं. खाली दिसत होतं. त्याच्यावर हिचं. मग हिचं कपाट समोर आलं."

मग मूठ ठणकायला लागली म्हणून त्यांनी ती नळाच्या गार पाण्याखाली धरली होती. काचेतून पलीकडे नवी दिसली, त्यांच्या टेबलाशी, त्यांची अवजारं मांडत असलेली. तिथंच त्या खाली बसल्या आणि ओरडल्या.

"इथं कपाटाशी ढकललं म्हणाला असतात, जिन्यात म्हणाला असतात, तर मला काही सापडलं नसतं," धाकटी म्हणाली. "पण तुम्ही स्वतःला त्याच नळाशी उभं केलंत, साबण लावून. ती जागा तुम्हाला खोट्यातही सोडवली नाही."

"ढकललंच ना तिनं मला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "हात न लावता."

ते वाक्य आपणच कधीतरी मनात म्हटलंय, असं दादाला वाटलं.

डॉक्टरबाईंनी मोठ्या सिस्टरांना उद्या सकाळी भेटायला सांगितलं, आणि त्या आवाजात उद्याचं सगळं आलं. ऑपरेशन खोळंबलं होतं. नवी उठली, तिनं बोटातली बारीकशी अंगठी काढली आणि छातीशी चाचपडली. मोठ्या सिस्टरांनी डाव्या हातानं आपली पिन सोडवली आणि पुढे केली. ती पिन थोडा वेळ हवेतच राहिली.

"माझी आहे," असं म्हणून नवीनं खिशातून स्वतःची पिन काढली आणि ती आत गेली. दादाला ते कठोर वाटलं, आणि बरोबरही वाटलं.

दारात सर्जन भेटले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी दादाचा हात धरून गदागदा हलवला. "वा साहेब, कमाल केलीत. सकाळीच वाटलं होतं मला, माणूस हुशार आहे."

एरवी दादानं हे घरापर्यंत पुरवून खाल्लं असतं.

"मी नाही," तो म्हणाला. "हिनं शोधलं. प्रश्नही हीच विचारत होती, तुम्ही उत्तरं मला देत होता. मी पिशवी धरतो."

सर्जनांनी पहिल्यांदाच धाकटीकडे नीट पाहिलं. धाकटी मात्र दादाकडे बघत होती. पायऱ्या उतरताना तिनं पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला, आणि दादानं तो घेऊ दिला.